घशात अडकलेला वारा

१

तुटलेलं लोखंड खोटं बोलत नाही, असं फिटरबाबांचं मत होतं. म्हणून बाकीचे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत असताना ते गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले आणि लोखंडाकडे बघत राहिले.

ती हवेच्या बोगद्याची खोली होती. बोगदा म्हणजे पोलादाची अवाढव्य नळी. तिच्यातून आवाजाच्या अडीचपट वेगानं वारा सोडायचा आणि जलद विमानाच्या इंजिनाचं तोंड त्या वाऱ्यात कसं वागतं ते बघायचं. काल सकाळी नव्या इंजिनाच्या तोंडाचा हातभर लांबीचा नमुना आत बसवला होता. पहिल्याच फुंकरीला तो आधाराच्या दांड्यासकट मोडला. तुकडा आतून दारावर आदळला, दाराची कडी उडाली आणि बाहेर उभ्या असलेल्या तेलवाल्याच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण पहिल्यासारखा वळेल याची खात्री नाही.

फिटरबाबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. आज त्यांना बोलावलं ते एवढ्याचसाठी, की तो दांडा त्यांच्या हातचा होता.

मुख्य कचेरीतून आलेल्या चौकशीबाई वही उघडून उभ्या होत्या. "दांडा जुना होता म्हणून तुटला, असं लिहू?"

"लिहा. पण मग खाली माझं नाव घालू नका." फिटरबाबांनी तुटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. "एका दणक्यात तुटला असता तर तुटलेलं टोक वेगळं दिसलं असतं. तार मोडताना आपण ती पुढं-मागं वाकवतो ना, तसा हा तुटलाय. हवा आत जायच्या ऐवजी इंजिनाच्या तोंडाआतल्या अरुंद घशाशी अडली, तोंडाबाहेर फेकली गेली, परत आत घुसली, परत बाहेर. सेकंदाला शंभरदा. कुठलं लोखंड टिकेल?"

"म्हणजे दोष लोखंडाचा नाही."

"नाही."

"बोगदा चालवणाऱ्यांचाही नाही."

"तो फोरमन भोंगा आहे तोंडाचा, पण हाताचा पक्का आहे."

चौकशीबाईंनी वही मिटली. "मग उरलं गणित. गणितात लिहिलंय की हा घसा हवा सहज गिळेल. ते गणित कुणी केलं, हे तुम्हाला मी सांगायला नको."

नकोच होतं. ते गणित फिटरबाबांच्या सूनबाईनं केलं होतं.

"आम्ही तेच आकडे काल मुख्य कचेरीतल्या कितीतरी मोठ्या यंत्राला पुन्हा घातले," बाई म्हणाल्या. "घसा अडला. म्हणजे हवा सहज वाहतेय असं तिनं दाखवलेलं चित्र बनावट. आणि अपघातानंतर वीस मिनिटांच्या आत तिच्याच टेबलावरून एक फाइल पुसली गेली आहे. दुपारी तीनला ती कबुलीवर सही करेल, नाहीतर प्रकरण पोलिसांकडे जाईल. तुम्ही घरचे आहात, म्हणून आधी सांगितलं."

२

सूनबाई पाहुण्यांच्या खोलीत बसली होती. तिच्या टेबलाला सील ठोकलं होतं. समोरचा चहा कधीच गार झाला होता.

"बाबा, मी काही बनावट केलेलं नाही."

"मी विचारलं का?"

"विचारणार होतात."

होते खरे. फिटरबाबा समोरच्या खुर्चीत बसले. घरात ही पोरगी चार आण्याचं खोटं बोलत नसे. पण घरात खरं बोलणारी माणसं कचेरीत काय काय करतात, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं.

"मला लहान मुलाला सांगावं तसं सांग. गणित करता म्हणजे काय करता?"

"तोंडाच्या आतल्या जागेची बारीक जाळी करायची. दोन कोटी घरं. प्रत्येक घरात हवेचा वेग, दाब, गरमी किती ते यंत्र काढतं. मग एक पायरी पुढं जायचं, पुन्हा सगळी घरं. अशा हजारो पायऱ्या. भिंतीलगतची हवा सगळ्यात द्वाड. ती घुसळते, गरगरते, दमते आणि भिंतीवर सायीसारखी जाड होत जाते. ती फार जाड झाली की घसा आवळतो."

"आणि तू हे शांत हवेपासून सुरू केलंस? आमच्या बोगद्यात आधी सगळं शांत असतं, मग वारा सुटतो. तसं?"

"हो. शांत हवेपासून."

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. गणित पायरीगणिक किती स्थिरावत गेलं त्याचा आलेख. सील ठोकण्याआधी एवढाच तिच्याजवळ राहिला होता.

फिटरबाबांना अक्षर लागलं ते तिशी उलटल्यावर. त्यामुळे कागद वरवर चाळणं त्यांना कधी जमलंच नाही. ते डाव्या कोपऱ्यापासून सुरू करत आणि एकेक आकडा बोटाखाली धरून पुढं सरकत. आताही त्यांनी बोट डाव्या कोपऱ्यावर ठेवलं आणि ते तिथंच थांबलं.

"सूनबाई, शांत हवेपासून म्हणतेस. मग पहिली पायरी एक नंबरची हवी. ही तुझी गोष्ट चाळीस हजारापासून का सुरू होते?"

सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं कागद स्वतःकडे ओढला.

३

कागदावरून नजर न काढता ती म्हणाली, "विरजण."

"काय?"

"आम्ही त्याला विरजण म्हणतो. दर वेळी पहिल्यापासून गणित केलं तर इथल्या यंत्रावर तीन आठवडे जातात. म्हणून आधीच्या गणिताची फाइल घ्यायची आणि तिथून पुढं चालवायचं. दुधाला जुन्या दह्याचा चमचा लावतो तसं. सगळ्यांची विरजणं एका सामाईक कपाटात असतात. यंत्रातल्या कपाटात. आमच्या विभागाच्या सरांनी सोमवारपर्यंत चित्र मागितलं होतं. मी कपाटात पाहिलं तर याच घशाचं विरजण तयार. वर चिठ्ठी, 'शांत हवेपासून, चाळीस हजार पायऱ्या.' मी पुढच्या बारा हजार केल्या. म्हणून म्हटलं शांत हवेपासून."

"कुणी ठेवलं होतं?"

"नाव नव्हतं. तिथं कुणी नाव घालत नाही. घरातल्या फडताळासारखं आहे ते."

"आणि पुसली गेली ती फाइल कुठली?"

"तेच विरजण. माझी प्रत आणि कपाटातलीसुद्धा. बाकी सगळं जागच्या जागी आहे."

फिटरबाबा उठून खिडकीपाशी गेले. डोकं चालायला लागलं की त्यांना बसवत नसे. टाकीतलं पाणी रबरी नळीनं खाली काढताना नळी आधी भरून घेतली तर पाणी टाकीच्या काठावरून चढून वाहत राहतं. रिकामी नळी तशीच लावली तर दिवसभर धरून बसा, थेंब येत नाही. नळी तीच, टाकी तीच. इंजिनाचा घसाही तसाच वागतो हे त्यांनी बोगद्यात कितीदा पाहिलं होतं. वाहत्या हवेला जो घसा पुरतो, तो थांबलेल्या हवेला पुरत नाही.

म्हणजे चित्र बनावट नव्हतं. चिठ्ठी बनावट होती. कुणीतरी वाहती हवा बाटलीत भरून वर 'शांत' असं लिहून ठेवलं होतं.

"एक सांग. तुला बनवाबनवी लपवायची असती तर तू काय पुसलं असतंस?"

"चित्र," सूनबाई चटकन म्हणाली.

"चित्र तर तसंच आहे. पुसलंय विरजण. म्हणजे ज्याला त्या फाइलीची भीती, त्यानंच पुसली. त्या कपाटात कोण कोण हात घालू शकतं?"

"मी. जाळीवाला, तो माझ्या शेजारी बसतो, जाळ्या विणतो. संगणकखोलीचा राखणदार, ज्याला सगळे कुलूप म्हणतात. आणि सर. पण सरांनी चार वर्षांत बटणांना हात लावलेला नाही. ते सह्या करतात."

"आणि काल धोक्याची घंटा वाजली तेव्हा तुझं टेबल?"

"उघडंच टाकून धावले मी. सगळेच धावले."

"सगळे नाही," फिटरबाबा म्हणाले. "एक जण तुझ्या टेबलापाशी बसला."

४

फोरमनला सगळे भोंगाच म्हणत. कारण तो कानात बोलला तरी पलीकडच्या इमारतीत ऐकू जाई.

"मला विचारायला आलास? मला?" तो ओरडला. "वीस वर्षं एका डब्यात जेवलो आपण."

"म्हणून तर आधी तुझ्याकडे आलो. काल वारा सोडताना झडप एकदम उघडलीस का?"

"हळूहळू. तू शिकवलीस तशी. बोगद्याच्या खिडकीवर पोलादी पडदा खाली, माणसं पिवळ्या रेघेच्या मागं. नव्या नमुन्याची पहिली फुंकर पडदा वर करून कधी दिली नाही मी. तुझाच नियम ना तो, दोन बोटं गमावून केलेला?"

फिटरबाबांनी डावा हात खिशात घातला. "तेलवाला रेघेच्या मागं होता?"

भोंग्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "मागंच होता रे. कडी किती लांब उडेल हे रेघेला कुठं ठाऊक."

"त्याला उचललं कोणी?"

"मी आणि तो तुमचा जाळीवाला. सगळ्यात आधी तो पोचला. एरवी खुर्चीतून हलत नाही. शर्ट रक्तानं भरला त्याचा."

जाळीवाला जिन्यात सापडला. बारीक, चिडका, नखं कुरतडणारा. फिटरबाबांना पाहताच तो म्हणाला, "सुनेला वाचवायला बळीचा बकरा शोधताय ना? मीच बरा आहे. तिची जागा मला मिळायला हवी होती हे शिपायालासुद्धा माहीत आहे."

"मग चांगलीच संधी होती तुला."

"होती. पण मी तिच्यासारखा मूर्ख नाही. दुसऱ्याचं विरजण मी हुंगल्याशिवाय लावत नाही."

फिटरबाबा जिन्याच्या कठड्याला टेकले. "त्या विरजणाचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? आज सकाळी मी कपाट उघडलं, ते तिथं नव्हतं. काल सकाळी होतं." त्यानं नजर वळवली. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर पहिलं बोट माझ्याकडेच आलं असतं. आता तुमचं आलंच."

माणूस कडू होता. पण कडू माणूस खोटा असतोच असं नाही. आणि काल धोक्याची घंटा वाजल्यावर वीस मिनिटं त्याचे दोन्ही हात तेलवाल्याच्या खाली होते, हे भोंगा शपथेवर सांगणार होता.

घड्याळात साडेबारा झाले. खाली शिपाई उभा होता. "फिटरबाबा, सरांनी बोलावलंय. एकट्याला."

५

सरांची खोली नीटनेटकी होती. भिंतीवर इंजिनाच्या तोंडाचं जुनं, हातानं काढलेलं रेखाचित्र होतं. अरुंद, लांब घसा. खाली सरांची तरुणपणची सही.

"बसा फिटर. फार वाईट वाटतंय मला," सर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, नेहमीसारखाच. "मुलगी हुशार आहे. घाईत चुकली. सही करून टाकू द्या. मी शब्द टाकीन, पोलीस येणार नाहीत. दोनतीन वर्षांनी लोक विसरतात."

"हा घसा तुमचा का, सर?"

"बावीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता कुठं बांधायला घेतला."

"मग गणित तुम्हीच का नाही केलंत? तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

सर हसले. "नियम आहे. ज्याचा आराखडा, त्यानं त्याची तपासणी करायची नाही. दुसऱ्याच्याच हातून व्हायला हवी. आणि बटणं कुठली दाबायची ते मी विसरलोसुद्धा."

"काल तुम्ही कुठं होतात?"

"बोगद्याच्या खिडकीपाशी. डोळ्यांनी पाहिलं हो मी. घशातून हवेचा धक्का तोंडाबाहेर आला, नमुना थरथरला आणि क्षणात गेला. मग मी तेलवाल्याकडे धावलो, पण गर्दीत मला कुणी पुढं जाऊ दिलं नाही."

फिटरबाबांनी मान डोलावली, नमस्कार केला आणि दार हळूच ओढून घेतलं. या माणसाला ते पंचवीस वर्षं 'सर' म्हणत आले होते. अक्षर लागल्यावर पहिलं पुस्तक त्यांना यानंच दिलं होतं.

पण सरांच्या नुसत्या एका खोट्यावर तीन वाजता सूनबाई सुटणार नव्हती.

६

कुलूप संगणकखोलीच्या दारातच जेवत होता. आत तो कुणाला जेवू देत नसे, स्वतःलाही नाही.

"फिटरकाका, नोंदी मी बाईंना दाखवल्यात. तुमच्या सुनेच्या नावाच्या सगळ्या."

"सुनेच्या नावाच्या. बाकीच्यांच्या?"

"त्यांनी तेवढ्याच मागितल्या."

"मला नावाप्रमाणं नको. आकड्याप्रमाणं हव्यात. बरोब्बर चाळीस हजार पायऱ्यांवर थांबलेली गणितं किती?"

कुलूपानं घास खाली ठेवला. "असं कुणी थांबवत नाही हल्ली. गणित स्थिरावलं की यंत्र आपणहून थांबतं. यांच्या फायली बघा, सदतीस हजार चारशे बारा, एकोणतीस हजार सहाशे सात. गोल आकडा औषधालाही नाही. पूर्वी यंत्र सगळ्यांत वाटून मिळायचं, तेव्हा दहा दहा हजारांचे वाटे असत. त्या काळातली माणसं गोल आकडा टाकायची."

"त्या काळातली इथं कोण उरलंय?"

कुलूप हात पुसून आत गेला. फिटरबाबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले. बटणांचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग बराच वेळ आलाच नाही.

"काका," आतून आवाज आला. "गोल आकड्यावरची दोन गणितं आहेत. पाच आठवड्यांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी सुरू केलेली. घसा तोच. पहिलं शांत हवेपासून, दहा हजारांवर बंद केलेलं. अडलेलं आहे हो ते. दुसरं आवाजाच्या तिप्पट वेगावर सुरू करून मग अडीचपटीवर आणलेलं. ते वाहतंय. चाळीस हजार."

"नाव?"

"हे नाव त्याआधी चार वर्षांत कुणी वापरलेलं नाही," कुलूप म्हणाला. त्यानं नाव वाचलं नाही. कागद छापला आणि उलटा करून फिटरबाबांच्या हातात दिला.

७

तीन वाजता लांब टेबलाच्या एका टोकाला चौकशीबाई बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाला सर. मध्ये सूनबाई, तिच्यासमोर कबुलीचा कागद आणि पेन. फिटरबाबांनी बसायला नकार दिला.

"तुम्हाला मी लोखंडापुरतं विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

"लोखंडापासूनच सुरू करतो. काल सर खिडकीतून पाहत होते. धक्का तोंडाबाहेर आलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. असंच ना, सर?"

"हो."

"पहिल्या फुंकरीला त्या खिडकीवर पोलादी पडदा असतो. काल होता. फोरमनला विचारा, त्याला इथूनच हाक मारली तरी ऐकू जाईल. पडद्याआडचं कुणालाच दिसत नाही. पण धक्का बाहेर येणार हे ज्याला पाच आठवड्यांपूर्वी गणितात दिसलं होतं, त्याला ते न बघताही सांगता येतं."

त्यांनी कुलूपाचा कागद बाईंपुढं सरकवला, शेजारी सूनबाईचा आलेख ठेवला आणि चाळीस हजाराच्या आकड्यावर बोट टेकलं. सावकाश, एकेक गोष्ट. शांत हवेचं गणित अडलं. मग वाहत्या हवेचं केलं आणि त्यावर शांत हवेची चिठ्ठी लावली. ते कपाटात ठेवलं आणि सोमवारची घाई लावली, म्हणजे कुणीतरी उचलेलच. नियमाप्रमाणं सही दुसऱ्याची होते. घंटा वाजली, सगळे धावले, आणि उघड्या टेबलापाशी बसून फक्त विरजण पुसलं गेलं. त्याच्या पोटात बनवणाऱ्याचं नाव होतं.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "सर?"

सर टेबलाकडे बघत होते. मग जणू वर्गात समजावून सांगावं तसे म्हणाले, "आकाशात चाललं असतं ते. विमान आधी वेगात असतं, मग हळू होतं. घशानं एकदा हवा गिळली की तो गिळत राहतो. ते गणित खोटं नाही. शांत हवेचं दाखवलं असतं तर तुम्ही घसा रुंद करायला लावला असता. पुन्हा बावीस वर्षं. मला वाटलं, बोगदाही गिळेल."

"चालू झाल्यावर चालतंच हो, सर," फिटरबाबा म्हणाले. "पण बोगद्यात वारा शांततेपासून निघतो. आणि दाराशी माणूस उभा असतो."

सरांनी खुर्ची मागं सारली.

चौकशीबाईंनी कबुलीचा कागद सूनबाईपुढून ओढला. पण तिनं त्यावर हात ठेवला होता. तिनं छापलेल्या ओळींवर काट मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहायला लागली.

"आता काय लिहितेस?" फिटरबाबा चिडले. "सुटलीस ना?"

"विरजण कुणाचं, हे मी विचारलं नाही. उघडून बघायला दहा मिनिटं लागली असती."

"ते कुणी मागितलंय?"

"कुणी मागितलं नाही, म्हणूनच."

बाईंनी ते वाचलं. "हे ठेवलंत तर सहा महिने तुम्हाला यंत्राला हात लावता येणार नाही."

"ठेवा," सूनबाई म्हणाली आणि सही केली.

फाटकाबाहेर येईपर्यंत फिटरबाबा तिच्या चार पावलं पुढं चालत राहिले. इतका राग त्यांना सरांचाही आला नव्हता. ती घराच्या उलट दिशेला वळली.

"कुठं?"

"दवाखान्यात. तेलवाल्याला सांगायला."

"काय सांगणार?"

"कुणी काय केलं ते. त्यात मी काय केलं नाही तेही."

"शिव्या देईल तो."

"देऊ दे. तुम्ही घरी जा, बाबा, सकाळपासून उभे आहात."

फिटरबाबांनी चप्पल नीट केली आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागले. "त्याच्या शिव्या फार जुन्या आहेत," ते म्हणाले. "निम्म्या तुला कळायच्याच नाहीत. कुणीतरी सांगायला हवं."